झुंबरबाईची रेकॉर्ड

नाशिक
३ नोव्हेंबर २००४

श्री. कय्यूमभाई यांना नमस्कार.

आपली ओळख नाही. अमडापूरचे वामनराव, एसटीत कंडक्टर होते ते, माझे चुलते. त्यांच्याकडून तुमचं नाव आणि लाउडस्पीकरच्या दुकानाचा पत्ता मिळाला. मी झुंबरबाईंची मुलगी. लग्नानंतर नाशिकला आले, इथे एका बँकेत नोकरी करते. वडील गेल्यापासून आई माझ्याजवळ असते.

१९६७ साली आईच्या गाण्याची एक रेकॉर्ड निघाली होती. मुंबईच्या कंपनीचा माणूस गावोगाव फिरून शेतातली गाणी गोळा करत होता, त्याने केलेली. आमच्या घरी दोन रेकॉर्डी आल्या होत्या म्हणतात. मला त्या पाहिल्याचं आठवत नाही. वामनकाका सांगतात की त्या भागात आता ती रेकॉर्ड फक्त तुमच्याकडे उरली आहे.

आईला फेब्रुवारीत पंचाहत्तर पूर्ण होतील. त्या दिवशी तिला तिचा आवाज ऐकवायचा आहे. आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही आणि आता तो कुणाकडेच नसतो. माझा मुलगा म्हणतो की रेकॉर्डवरून सीडी करता येते, मग ती कितीही वेळा ऐका, झिजत नाही. तुम्ही रेकॉर्ड चार दिवसांसाठी दिलीत तर मी सीडी करून सुखरूप परत पाठवीन. फोन नंबर कळवावा, म्हणजे बोलता येईल.

आपली,
पुष्पांजली


धाड
२५ नोव्हेंबर २००४

पुष्पांजलीताई, सलाम.

तुमचं पत्र भेटलं. रेकॉर्ड आहे माह्यापाशी. छोटी, पंचेचाळीसच्या स्पीडची. मधात पिवळा कागद, त्याच्यावर ‘झुंबरबाई आणि साथी, अमडापूर’ असं छापेल आहे. अब्बांनी ती जालन्याहून आणली होती. तवा आमच्यापाशी एकच भोंगा होता. हळदीच्या दिवशी ही रेकॉर्ड लावली नाही तर बाया अब्बांसंग भांडत. मी सातवी शिकलो आन दुकानात बसलो, तवापासून मीही लावत आलो. ‘सरीमांगं सरी बाई, येचू लागल्या सासू-सुना, ओटी भरली कापसाची, बोंड काही सरना.’ इकडच्या म्हाताऱ्या बायायले अजून सारं पाठ आहे.

पण ताई, रेकॉर्ड मी पोस्टानं पाठवत नाही आन कोणाच्या हातात देत नाही. राग मानू नका. एकेका वेळी सुई फिरली की ती थोडी घासते. म्हणून लावणाऱ्याले ठावं पाहिजे, काऊन लावून राह्यलो आन कोणासाठी. सीडीचं तसं नाही. एकदा काढली की ती कोणाचीच राहत नाही. आता लग्नात डीजे येते, एका सीडीत दीडशे गाणे. पोट्टे अर्धं गाणं झालं की दुसरं लावतात. माही पोरगी नाजिश म्हणते, अब्बा, हे सारं भंगारात द्या आन कॉम्प्युटर घ्या. ती काही खोटं बोलत नाही. दोन महिन्यांत मले एक लग्न भेटलं नाही.

बाईंले इकडं घेऊन या. माह्या दुकानात बसवून ऐकवतो. नंबर खाली लिहला आहे, पण फोन करू नका. पत्रच लिहा.

कय्यूम


नाशिक
१२ डिसेंबर २००४

कय्यूमभाई,

आईचे गुडघे गेले आहेत. एवढा प्रवास तिला झेपणार नाही.

तुम्ही लिहिता, सीडी कुणाचीच राहत नाही. रेकॉर्ड तरी कुणाची राहिली? शेकड्यांनी निघाल्या असतील, आज एक उरली आहे. ती उद्या तुमच्या हातून पडली तर? तुम्ही ती जपता म्हणजे तिला कपाटात म्हातारी करता, असं मला वाटतं. स्पष्ट लिहिल्याबद्दल माफ करा. पण मी माझ्या आईला गाताना कधीच ऐकलेलं नाही. एकदाही नाही. माझ्या आठवणीत तिने पाळणासुद्धा म्हटला नाही. वडिलांना तिचं गाणं आवडत नसावं, अशी मी समजूत करून घेतली आहे.

तिला तुमच्याकडे रेकॉर्ड आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाली, राहू दे, जुनं कशाला उकरतेस. इतक्या वर्षांची सवय, लगेच कशी जाईल.

तुम्ही नको म्हटलं तरी मी दोनदा फोन केला. कुणी पुरुष माणूस ‘हॅलो, हॅलो’ म्हणाला आणि मी बोलत असतानाच फोन ठेवून दिला. तुम्हीच असाल तर एवढंच म्हणते, नकार द्यायचा तर सरळ द्यावा.

पुष्पांजली


धाड
२० मे २००५

पुष्पांजलीताई, सलाम.

जबाब द्यायले पाच महिने लागले. तुमच्या आईंची पंचाहत्तरीही होऊन गेली असेल. ‘पडली तर’ हे तुमचं लिहणं माह्या डोक्यातून गेलं नाही.

आता काम झालं आहे. कापसाचं बियाणं विकणारी एक पार्टी औरंगाबादहून आली. आता सगळ्यायले बीटीच पाहिजे, बोंडअळी लागत नाही म्हणतात. गावागावात बियाण्याचा प्रचार करायले त्यायले भोंगा लावलेली जीप पाहिजे होती. पेरणीपर्यंतचा सीझन त्यांनी मले देला. त्यायचा साहेब दुकानात आला, भिंतीवरच्या रेकॉर्डी पाहू लागला. ही रेकॉर्ड कापूस वेचणीची आहे म्हटल्यावर त्याले लई आवडली. म्हणाला, आमच्या स्टुडिओत फुकट सीडी काढून देतो, फक्त प्रचाराच्या सुरवातीले आम्ही ही चाल वाजवू.

मी रेकॉर्ड मांडीवर घेऊन एसटीनं औरंगाबादले गेलो. काचेच्या खोलीत त्यांनी ती एकदाच लावली. मी समोर बसून होतो. मंग हेडफोन मले देला, बराबर आलं का पाहा म्हणाले. मी मान हलवली. रेकॉर्ड परत मांडीवर घेऊन आलो.

एक सीडी यासंग पाठवली आहे. झुंबरबाईंले सांगा, त्यायचा आवाज या वर्षी चिखली, बुलढाणा तालुक्यांत पुन्हा फिरून राह्यला.

कय्यूम


नाशिक
९ जून २००५

कय्यूमभाई,

सीडी मिळाली. मुलाने रविवारी सकाळी लावली. आधी थोडी खरखर झाली आणि मग आवाज आला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि उभी राहिले. इतका मोकळा आवाज माझ्या आईचा असेल, अशी माझी कल्पना नव्हती. मागे बायका ओळ उचलतात, तेव्हा त्या सगळ्या मिळूनही तिच्यापेक्षा लहान वाटतात.

आई पलंगावर बसली होती. पहिलं कडवं झालं तेव्हा उठली आणि गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढू लागली. ते अजून ओले होते. मी तिला काही विचारलं नाही. तिला थोडा वेळ हवा होता.

मुलाने दहा सीडी काढल्या. कव्हरवर आईचा फोटो आणि नाव छापलं. सगळ्या नातेवाइकांना पाठवल्या, एक वामनकाकांनाही. आता ही गोष्ट हरवणार नाही. डिसेंबरातल्या पत्रात तुम्हाला लागेल असं लिहिलं, ते विसरून जा.

तुमची आभारी,
पुष्पांजली


नाशिक
४ डिसेंबर २००५

श्री. कय्यूम यांस,

गेल्या आठवड्यात वामनकाकांच्या नातीच्या लग्नाला अमडापूरला गेले होते. मांडवात माझी चुलती जनकाबाई माझ्याशी बोलेना. शेवटी मीच तिच्याजवळ जाऊन बसले. तेव्हा ती म्हणाली, “तुह्या मायनं सांगतलं म्हणून घेतलं बियाणं. आता तिलेच इचार काय येचू ते.”

मला काही उमगलं नाही. मग वामनकाकांनी सांगितलं. जीपमधून आधी आईचं गाणं लागायचं, ‘बोंड काही सरना’पर्यंत. मग एक माणूस बोलायचा, “अमडापूरच्या झुंबरबाई सांगतात ते ऐका,” आणि त्यानंतर एका बाईचा आवाज, अगदी त्याच चालीत, त्या बियाण्याचं नाव घेऊन, की म्या हेच पेरलं. ती बाई कोण, माहीत नाही. ऐकणाऱ्यांना सगळं एकाच तोंडचं वाटलं.

मी जनकाकाकूच्या शेतात जाऊन आले. तीन एकर कपाशीची पऱ्हाटी लाल पडली आहे. बोंडं सुपारीएवढी होऊन थांबली. दुकानातल्या पिशवीवर बीटी लिहिलं होतं, तरी अळी होतीच, वरून लाल्या रोग आला. त्या गावात असे वीस-बावीस जण आहेत.

ती जीप तुमची होती. भोंगा तुमचा होता. महिनाभर तुम्ही त्याच्या खाली बसून गावं फिरलात. जाहिरातीत काय चाललं आहे ते तुम्हाला कळलं नाही, असं कृपा करून लिहू नका. फोन कानाला लावून ठेवून देणारा माणूस मी ओळखते.

पुष्पांजली


धाड
२ जानेवारी २००६

पुष्पांजलीताई,

तुमी लिहू नका म्हटलं, तेच मले लिहावं लागते. मले कळलं नाही.

मी बहिरा आहे. दहा वर्षांपासून ऐकू येणं कमी झालं, आता चार वर्षांपासून बंदच आहे. चाळीस वर्षं भोंग्याच्या खाली बसलो, झोपलो, जेवलो. समोरचा माणूस बोलला तर त्याच्या तोंडाकडे पाहून मले समजते. फोनले तोंड नाही. तुमचा फोन मीच उचलला होता. साउंडवाला बहिरा आहे हे गावाले कळलं तर कामाले कोण बोलावणार, म्हणून घरच्यांशिवाय कोणाले सांगितलं नाही. रेकॉर्ड लावतो तवा स्पीकरच्या डब्यावर बोटं ठेवतो. चाल बोटांले समजते, शब्द समजत नाहीत. हेडफोनमधी मले काही आलं नव्हतं.

तुमचं पत्र आल्यावर ती प्रचाराची सीडी मी घरात लावली आन नाजिशले म्हटलं, जे जे आहे ते लिहून दे. तिनं एका कागदावर लिहलं. ते वाचून मी दुकान बंद केलं.

बियाणेवाल्या पार्टीचं चिखलीत ऑफिस होतं, तिथं कुलूप आहे. औरंगाबादले गेलो तर साहेब म्हणाला, सीडी आमची आहे, तुमी हो म्हटलं होतं. मी मान हलवली होती हे खरं आहे.

मंग मी रेकॉर्ड प्लेअर जीपमधी टाकला. बाजाराच्या दिवशी धाडले लावली, नंतर अमडापूरले. पूर्ण गाणं वाजवलं आन सांगितलं, पाहा, असली गाणं हे आहे, याच्यात बियाणं कुठंच नाही. झुंबरबाईंनी कोणाले काही सांगितलेलं नाही. मी बहिरा आहे हेही सांगितलं. धाडले चार-दोन माणसं थांबली. एक जण म्हणाला, आता सांगून काय करतं.

अमडापूरले एक गोष्ट झाली. ती मी आज लिहत नाही. पहिले तुमी तुमच्या आईंले विचारा, रेकॉर्डिंगच्या दिवशी तिथं कोण कोण होतं.

कय्यूम


नाशिक
२९ जानेवारी २००६

कय्यूमभाई,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. शेवटची ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. मग तिने सांगितलं. मी तसंच लिहिते.

रेकॉर्डिंग शाळेच्या खोलीत होतं. आईचं नाव आधीच कंपनीच्या कागदावर घातलं होतं, कारण गावात वेचणीला तीच म्हणायची. पण तीन दिवस ताप होता आणि त्या सकाळी तिच्या घशातून आवाज निघेना. कंपनीच्या माणसाला संध्याकाळची गाडी गाठायची होती. तेव्हा मागे ओळ उचलणाऱ्या बायकांपैकी तानाबाई पुढे बसली आणि तिने म्हटलं. ती आमच्या शेतावर सालाने राबणाऱ्या सालदाराची बायको. आई साथीच्या बायकांत बसून नुसते ओठ हलवत होती.

नाव बदलायचं का, असं त्या माणसाने विचारलं. माझे आजोबा, उत्तमराव, दारात उभे होते. ते म्हणाले, छापायचं ते आपल्याच घरचं छापा, सालदारणीचं नाव मुंबईला कशाला. आई गप्प राहिली. तानाबाईही गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी दोघी एकाच शेतात कापूस वेचायला गेल्या.

रेकॉर्ड आल्यावर आईला लग्नांतून बोलावणी येऊ लागली. लोकांनी रेकॉर्ड ऐकलेली असायची. तोंड उघडलं असतं तर आवाज वेगळा आहे हे कळलं असतं. म्हणून तिने घसा कायमचा गेला म्हणून सांगितलं आणि गाणं सोडलं. घरातही सोडलं. मी इतकी वर्षं वडिलांना दोष देत आले.

सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “माझा आवाज वाईट नव्हता गं.” एवढंच.

मी दहा घरांत तिचा फोटो लावून दुसऱ्या बाईचा आवाज पाठवला आहे. अमडापूरला काय झालं ते आता लिहा. आणि फोनबद्दल मी जे लिहिलं, त्याची मला लाज वाटते.

पुष्पांजली


धाड
१० फेब्रुवारी २००६

पुष्पांजलीताई, सलाम.

आता लिहतो. अमडापूरच्या बाजारात मी रेकॉर्ड लावली तवा पन्नासेक माणसं जमली. बहुतेक रागात. एक बाई म्हणाली, झुंबरबाईले इकडं आणा, आमच्या समोर उभी करा. तुमच्या चुलती जनकाबाईही होत्या.

एक म्हातारी मिरच्या विकत बसली होती. गाणं सुरू झालं तशी उठली आन डब्यापाशी येऊन उभी राह्यली. गाणं संपल्यावर तिनं तोंडावरचा पदर बाजूले केला, म्हणून मले तिचं बोलणं दिसलं. ती म्हणाली, “झुंबरले बोल लावू नका. तो आवाज माहा आहे. ज्याले शिव्या द्यायच्या त्यानं मले द्या.”

लोकांयले वाटलं, म्हातारी बरळून राह्यली. कोणी हसलं. ती पुन्हा म्हणाली, सदुसष्ट साली शाळेत मीच म्हटलं. मंग मिरच्या भरल्या आन घरी गेली. मी विचारलं तवा कळलं, ती तानाबाई.

ताई, हे गाणं एवढं चाललं, गावोगाव हळदीले वाजलं, तवा ती बाई कधी बोलली नाही. शिव्या पडाले लागल्या तवा बोलली. तुमाले काय लिहावं ते मले समजेना, म्हणून थांबलो.

तुमच्या दहा सीडींवरचं नाव तुमी बदलू शकता, ते एक बरं आहे. रेकॉर्डवरचं बदलत नाही. मी पिवळ्या कागदावर दुसरा कागद चिकटवायले घेतला होता. नाजिश म्हणाली, अब्बा, नको, झालं ते झालं असंच दिसू द्या. तसंच ठेवलं.

कय्यूम


नाशिक
१६ मार्च २००६

कय्यूमभाई,

आई अमडापूरला यायचं म्हणते. गुडघ्यांचं मी म्हटलं, तर म्हणाली, गुडघे माझे आहेत. बँकेत मार्चअखेर आहे, मला रजा मिळत नाही. वामनकाका तिला न्यायला आले आहेत. चोवीस तारखेला दोघं पोहोचतील. तुम्ही त्या दिवशी तिथे असाल का? तिथे काय होईल ते आई मला सांगणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही कळवा.

दहाही घरांतून सीडी परत मागवल्या. आठ आल्या. त्यांच्यावर तानाबाईंचं नाव घातलं आहे. फोटो काढून टाकला, त्यांचा फोटो माझ्याकडे नाही. दोघा नातेवाइकांनी त्या सीडीवरून पुढे किती काढल्या, ते त्यांनाही सांगता येत नाही. तुमचं म्हणणं तेवढं खरं निघालं.

पुष्पांजली


धाड
२७ मार्च २००६

पुष्पांजलीताई, सलाम.

मी आन नाजिश सकाळीच अमडापूरले गेलो. बोलणं माह्या नजरेतून सुटू नये म्हणून तिले वही घेऊन यायले सांगितलं होतं.

तुमच्या आई एसटीतून उतरल्या. वामनराव म्हणाले, पहिले घरी चला, चहा घ्या. त्या थांबल्या नाहीत. काठी टेकत सरळ तानाबाईंच्या घरी गेल्या. तानाबाई अंगणात सरपणाच्या पऱ्हाट्या मोडत बसल्या होत्या. आमाले पाहून शेजारच्या दहा-पंधरा बाया जमल्या. जनकाबाईही आल्या.

तुमच्या आई उभ्यानंच बोलल्या. नाजिशच्या वहीत असं आहे: “रेकॉर्डवर आवाज हिचा आहे. नाव माहं होतं. मले बोलता येत होतं, मी बोलली नाही.”

तानाबाईंनी हातातली पऱ्हाटी खाली ठेवली. म्हणाल्या, तुले ताप होता तवा. तुमच्या आई म्हणाल्या, ताप तीन दिवस होता. तानाबाईंनी गोणपाट सरकवलं आन तुमच्या आई त्याच्यावर बसल्या. गुडघे दुमडत नव्हते, पाय लांब करून बसल्या.

जनकाबाई म्हणाल्या, तुमचं दोघींचं झालं, माह्या तीन एकराचं कोण सांगतं? मी म्हटलं, ते माह्याकडे आहे. जीप माही होती, मी न ऐकता फिरवली. त्या माह्याकडे पाहत राह्यल्या. म्हणाल्या, तुह्या म्हणण्यानं बोंड येत नाही. बियाणेवाल्यायच्या विरोधात गावानं केलेल्या तक्रारीच्या अर्जावर मी प्रचारवाला म्हणून सही देली आहे. वामनराव तो बुलढाण्याले नेणार आहेत. पुढं काय होतं ते दिसेल.

नंतर बायांनी गाणं लावा म्हटलं. मी जीपमधून प्लेअर आणायले उठलो. तानाबाईंनी हातानं मले थांबवलं. तुमच्या आईंकडे पाहून काहीतरी म्हणाल्या. तुमच्या आईंनी नाही म्हणून मान हलवली. तानाबाई पुन्हा तेच म्हणाल्या.

मंग दोघींची तोंडं हलू लागली. पहिले एक, नंतर दुसरी, नंतर दोन्ही संग. बाया टाळी देऊ लागल्या. जनकाबाईंनी पदर तोंडाले लावला. तुमच्या आईंची मान ताठ झाली होती आन गळ्याची शीर दिसत होती. ओळ कोणी उचलली, पुढं कोण होतं, मांगून कोण, मले समजलं नाही. नाजिश घाईघाईनं वहीत लिहत होती. मी तिच्या हातातून पेन काढून घेतला आन म्हटलं, तू ऐक.

कय्यूम